नागपुरात घरभरणीचं सामान घ्यायचं आहे: इतवारी, महाल, बर्डी की गोकुळपेठ? मॉल नको, गल्लीतली दुकानं सांगा

कोरडवाहू ताई

सगळ्यांना नमस्कार. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यावरून आत यावं लागते. नवीन घराचं काम आता संपत आलं अन् आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरभरणी धरली आहे. त्याच्यासाठी एक दिवस नागपूरला जाऊन सामान आणायचा विचार करून राहिलो, मी अन् माझी मोठी जाऊ, दोघीच निघणार आहो.

घ्यायचं काय तर देवघरासाठी पितळेची समई, पाण्याचा एक गुंड, थोडी स्टीलची भांडी, तीन खिडक्यांचे पडदे, दोन चांगल्या चादरी, भिंतीवरचं घड्याळ, अन् घरभरणीला येणाऱ्या बायांना हळदीकुंकवासोबत द्यायला काहीतरी वाण, साठ-सत्तर नग तरी लागतील. शिवाय नणंदेला एक चांगली वस्तू द्यायची आहे. घर बांधताना तिनं पैशाचीही अन् जिवाचीही लय मदत केली, तिला नुसती साडी देऊन मोकळं व्हायचं नाही, तिच्या घरात रोज वापरात राहीन अन् पाहिल्यावर आमची आठवण येईन असं काहीतरी पाहिजे.

ऑनलाईन पाहिलं पण फोटोत सगळंच चमकते, हातात घेतल्याशिवाय ना वजन कळत ना पडद्याचा कपडा. मॉलमध्ये गेलं तर विकणाऱ्या पोरालाच मालाचं काही माहीत नसते, विचारलं की डब्यावरचं वाचून दाखवते. मला ती मोहल्ल्यातली दुकानं पाहायची आहेत जिथं दुकानदार स्वतः बसते अन् मागून काढून काढून दाखवते. पण आम्हाला नागपूर म्हणजे मेडिकलचा सरकारी दवाखाना अन् बर्डी, म्हणजे सीताबर्डी, एवढंच माहीत. इतवारी, महाल, गांधीबाग, गोकुळपेठ ही नावं ऐकली आहेत, कुठं काय मिळते अन् कोणत्या क्रमानं फिरावं ते सांगा. सकाळच्या बसनं येऊ अन् अंधार पडायच्या आत जामला उतरायचं आहे. बजेट सगळं मिळून पंधरा-सोळा हजार. सासूबाईंची जुनी पितळेची भांडी माळ्यावर पडून आहेत, ती मोडीत द्यायला सोबत आणावी का तेही सांगा.

तराजू काटा

ताई, मी इतवारीत भांड्याच्या दुकानात बरीच वर्षं काम केलं आहे, आता तिथं नाही, म्हणून कोणत्या दुकानाचं नाव घेत नाही, पण माल कसा पाहायचा ते नीट सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा. रेल्वे स्टेशनकडून पूर्वेला सेंट्रल अव्हेन्यू म्हणून मोठा रस्ता जाते. त्याच्या एका अंगाला गांधीबाग अन् इतवारी, दुसऱ्या अंगाला महाल. बर्डी स्टेशनच्या अलीकडे पश्चिमेला, अन् गोकुळपेठ-धरमपेठ बर्डीच्याही पुढं पश्चिमेला. म्हणजे तुम्ही सकाळी पूर्वेकडं जा, जड खरेदी तिकडं करा, अन् वेळ उरला तर परतताना बर्डी. गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरलं की कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन जवळ आहे, तिथून प्रजापती नगरकडं जाणारी गाडी धरा अन् अग्रसेन चौक नाहीतर चितार ओळ चौकात उतरा. ही लाईन डिसेंबर २०२२ पासून चालू आहे, ऑटोवाल्याशी घासाघीस करायचं काम नाही. रविवारी मात्र येऊ नका, इतवारीतली ठोक दुकानं बहुतेक बंद राहतात.

इतवारीत गल्ल्या मालावर आहेत, सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ. भांड्यांची दुकानंही अशीच एकमेकाला लागून आहेत, त्यामुळे पहिल्याच दुकानात घ्यायची घाई करू नका, दोन-तीन ठिकाणी आजचा पितळेचा किलोचा भाव विचारा. भाव धातूच्या बाजारावर वरखाली होते पण एकाच दिवशी एकाच गल्लीत फार फरक राहत नाही, फरक असते तो घडणावळीत, अन् ती नेमकी किती लावली हे तोंडानं विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता समई. एक छोटं लोहचुंबक पर्समध्ये टाकून आणा. पितळ म्हणजे तांबं अन् जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे अन् वरून नुसता मुलामा. दुसरं, समई उलटी करून बूड पाहा, पोकळ बुडात वजन वाढवायला काही भरलेलं तर नाही ना. तिसरं, समईचे भाग आट्यांवर बसतात, ते सगळे खोलून परत लावून पाहा, आटे ढिले असले की समई डुलते अन् तेल खाली गळते. वरच्या ताटलीत पाणी टाकून पाहू द्या म्हणा, चांगला दुकानदार कधी नाही म्हणत नाही. अन् लय चकचकीत सोनेरी दिसणाऱ्या शोच्या वस्तूवर पारदर्शक लाखेसारखा थर राहते, ती रोज वात लावायच्या कामाची नाही, चिंचेनं घासली की तो थर पट्ट्या-पट्ट्यांनी निघते. देवघराला साधी, थर नसलेली घ्या.

स्टीलसाठी मात्र चुंबकाचा उपयोग नाही, हे लोकांना माहीत नसते. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. फरक निकेलचा आहे, ३०४ मध्ये साधारण आठ टक्के निकेल अन् अठरा टक्के क्रोमियम, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असते म्हणून ते आंबट-खारट पदार्थानं लवकर डागते. भांड्यावर किंवा बिलावर ३०४ लिहून मागा. लोणच्याची, ताकाची, कढीची भांडी तेवढी ३०४ ची घ्या, पिठाचे-डाळीचे डबे दुसऱ्या स्टीलचे असले तरी काही बिघडत नाही, तिथं पैसा वाचवा.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तांब्या-पितळेच्या, स्टीलच्या अन् अॅल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला आहे, कोणी अजून बारा लावून सांगत असेल तर तिथंच थांबवा. घरभरणीची तारीख अन् नाव भांड्यावर टाकून घ्यायचं असेल तर दुकानातच मशीन राहते, पण लग्नसराईत गर्दी असते, सकाळी भांडी निवडून नाव टाकायला देऊन पुढं निघा अन् परतताना उचला.

मोडीचं सांगतो. फुटलेली, चिरलेली, बूड गेलेली भांडी आणा. पण सासूबाईंचा गुंड किंवा जाड कोपर, म्हणजे मोठी परात, असेल तर मोडीत घालू नका अशी माझी विनंती आहे. आजकाल तेवढ्या जाड पत्र्याचं मिळत नाही, मोडीचा भाव अन् नव्याचा भाव यात बरंच अंतर असते, तुम्ही जाड देऊन पातळ घेऊन याल. गळत असेल तिथं डाग देऊन म्हणजे जोडून, घासून, चिंच-मीठ लावून तेच गुंड उभं करा, नवीन घ्यायची गरज पडणार नाही. मोड द्यायच्या आधी दोन्ही भाव विचारून घ्या, काटा शून्यावर आहे का पाहा, अन् लोखंडी कडी किंवा कथलाचा जोड असेल तर त्याचं वजन कापतात ते बरोबरच आहे, पण किती कापलं ते तुमच्या डोळ्यासमोर व्हायला पाहिजे.

माहेर उमरेड

तराजू भाऊंनी भांड्यांचं इतकं छान सांगितलं की मी त्यात पडत नाही. मी महालात राहते, पडदे-चादरी आणि भेटवस्तूंचं सांगते.

ताई, घरून निघताना तीन गोष्टी करा. खिडक्यांची मापं इंचात लिहून घ्या, नुसत्या चौकटीची नाही तर पडद्याचा दांडा जिथं लागणार तिथपासून खालपर्यंत. भिंतीच्या रंगाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. आणि पलंगाच्या गादीची लांबी, रुंदी, जाडी मोजा. हे केलं नसेल तर गांधीबागेत दुकानदार तुमच्यासमोर ढीग लावेल आणि तुम्ही रंगावर भुलून काहीतरी घेऊन याल. तयार पडदे साधारण पाच फूट, सात फूट आणि नऊ फूट लांबीत येतात, पाच खिडकीला, सात दाराला. रुंदीला मात्र खिडकीच्या दीडपट-दुप्पट कापड लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या धोतरासारखा ताणलेला दिसतो.

चादरीचा हिशोब असा की सहा फुटी गादी म्हणजे ७२ इंच, जाडी सहा इंच धरली तर दोन्हीकडून १२, झाले ८४. आता ९० इंची चादर घेतली तर खोचायला फक्त तीन-तीन इंच उरतात, मुलं एकदा लोळली की चादर गोळा. म्हणून डबल बेडला १०८ बाय १०८ मागा, थोडे पैसे जास्त जातील पण रोजची कटकट नाही. रंग जातो का बघायला ओला पांढरा रुमाल चादरीच्या आतल्या कोपऱ्यावर जोरात घासा, दुकानदाराला विचारूनच, गडद निळा आणि मरून यांच्या बाबतीत हे कराच. पश्चिमेच्या खिडकीला गडद रंग घेऊ नका, आपल्याकडचं वैशाखातलं ऊन दोन उन्हाळ्यात त्याचा रंग उडवतं. तिथं जाड पण फिका, अस्तर लावलेला घ्या, खोलीही थंड राहते.

गांधीबाग हा मुख्य कापडबाजार, तिथं ठोक आणि किरकोळ दोन्ही आहे, किरकोळ देता का असं आधी विचारूनच चप्पल काढा, काही पेढ्या एक-दोन नग देत नाहीत.

महालात माझा जीव आहे त्यामुळे थोडं जास्त सांगते. केळीबाग रोड, बडकस चौक, कोठी रोड या पट्ट्यात पूजेचं सामान, करंडे, देवाचे चौरंग, पाट, मुलांची खेळणी, सगळं छोट्या छोट्या दुकानांत आहे. ही दुकानं बाहेरून बघितली तर अरुंद वाटतात पण आत लांब असतात आणि माल वरच्या माळ्यावर असतो, म्हणून दिसतंय तेवढंच आहे असं समजू नका, काय पाहिजे, कशासाठी पाहिजे, किती रुपयांपर्यंत, हे तिन्ही स्पष्ट सांगा म्हणजे तो बरोबर वस्तू काढतो. चितार ओळीत मूर्तिकारांची आणि रंगकाम करणाऱ्यांची घरं आहेत, गणपती-दुर्गेच्या दिवसांत ती गल्ली बघण्यासारखी असते. आखाजीच्या सुमारास तिथं खरेदीला फार काही नसतं, तरी एक चक्कर मारून या, हाताला रंग लागलेली माणसं आपल्या कामात कशी गढलेली असतात ते बघायला मिळतं.

नणंदेला मुलं लहान असतील तर लाकडी नंदी हे नागपूरचंच देणं आहे, चाकावरचा. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं इथं सांगतात आणि अजूनही मुलं नंदी सजवून घरोघर फिरवतात. पोळ्याच्या आधी रस्तोरस्ती मिळतात, इतर वेळी जरा शोधावं लागतं. सांधे डिंकावर आहेत की लाकडी खिळीवर ते बघा, खिळीवाला नातवंडांपर्यंत टिकतो. मोठ्यांसाठी द्यायचं तर कांस्याचं ताट-वाटी. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, बोटानं टिचकी मारली की घंटेसारखा लांब नाद येतो, बद्द वाजलं तर कुठं तरी चीर आहे किंवा कांसं नाही. फक्त तिला सांगा की हातातून पडलं तर तडकतं.

गोकुळपेठ-धरमपेठेकडे भेटवस्तूंची देखणी दुकानं आहेत, मांडणी सुंदर असते, पॅकिंगही छान करून देतात, पण तुमच्या बजेटात आणि एका दिवसात तिकडे जाण्याची गरज मला वाटत नाही. घड्याळ आणि फोटोफ्रेम बर्डीत बघा, मेन रोडपेक्षा मोदी नंबर एक-दोन-तीन या आतल्या गल्ल्यांत शांतपणे बघता येतं. घड्याळात सेल टाकून सुरू करून घ्या आणि कानाला लावा, झोपायच्या खोलीत लावणार असाल तर टिकटिक न करणारं, सरकत्या काट्याचं मागा.

झाडीपट्टीवाला

पितळेची गोष्ट निघाली अन् भंडाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहून राहिलो. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी जुन्यापासून नावाजलेलं आहे, आमच्या आज्याच्या काळात लग्नाचं आंदण घ्यायला लोक बैलगाडीनं भंडाऱ्याला जायचे. ताईला एका दिवसात तिकडं जाणं जमणार नाही ते समजते, उलट दिशा पडते. पण इतवारीत गुंड, गंगाळ, कोपर घेताना माल कुठला आहे हे विचारा. नक्षीची, शोची पितळ बहुतेक मुरादाबादवरून येते, वापरायची जाड भांडी भंडाऱ्याची मागा, मिळाली तर सोडू नका. आपल्या भागातल्या कारागिराच्या हाताला काम मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटते, नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी ही भांडी फक्त जुन्या बाजारात दिसतील.

नणंदेच्या भेटीचं म्हणाल तर बांबू पाहा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन अन् प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादाला संपूर्ण बांबू केंद्र आहे, आपल्या विदर्भातली पोरंपोरी दिवे, टोपल्या, ट्रे, खुर्च्या असं सुरेख काम करतात. नागपुरात सिव्हिल लाईन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे तिथं हिवाळ्यात हस्तकलेचा मेळा भरते, तेव्हा थेट कारागिराकडूनच घेता येते, पण आखाजीला तो नसते. बांबूची वस्तू घेताना एकच पाहा, खाली पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका, पिठासारखा भुसा पडला तर आत कीड आहे. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला बांबू असेल तर कीड लागत नाही, विकणाऱ्याला ते माहीत असते.

अन् ताई, वर्धा तर तुमचं जिल्ह्याचं ठिकाण. तिथं मगन संग्रहालय आहे, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. ग्रामोद्योगाच्या वस्तू अन् नैसर्गिक रंगाची खादी तिथं मिळते. कापूस आपल्या शेतात पिकते अन् पडद्याला आपण दुसऱ्या राज्यातलं पॉलिस्टर आणतो, हे मला पटत नाही. कधी वर्ध्याला कामानं गेल्या तर एक चादर तिथली पाहून या.

दारव्ह्याचा काका

पोरी, तू नागपूरले जा, हौस कर, घर एकदाच बांधल्या जाते. पण काय तिथून आणा लागते अन् काय नाई हे मी सांगतो तुले.

कुकर, मिक्सर, गॅसची शेगडी हे तिथून आणू नको. कुकरवर आयएसआयचा मार्क पाहून आपल्या तालुक्यातच घे. शिट्टी बिघडली, रबर गेलं, वॉरंटीचं काम पडलं तर तू काय दर खेपी बस धरून इतवारीले जाशील? तालुक्याचा दुकानदार ओळखीचा रायते, खराब निघालं तर मुकाट्यानं बदलून देते कारण त्याले तुह्या गावात धंदा करायचा हाये. दोनशे रुपये जास्त गेले तं गेले.

माठ अन् रांजण तं बिलकुल शहरातून आणू नको बाप्पा. आपल्या कुंभाराचा माठ, त्याची माती आपल्या पाण्याले जमते. नवा माठ आणला की रात्रभर पाणी भरून ठेव, ते पाणी झाडाले टाक, मंग पियाले भर. बसमधून माठ आणतो म्हणजे फुटलाच समज.

पितळेचं भांडं सैपाकाले वापरणार अशीन तं कल्हई करूनच वापरजो. ताक, कढी, चिंचेचं वरण बिनकल्हईच्या पितळेत कळकते, पोट बिघडते. कल्हईवाले आता गावात कमी येतात, म्हणून नागपूरलेच भांडं घेतलं तं तिथंच इचार का कल्हई करून देता काय. भांडं तापवून नवसागर टाकून वरून कथील फिरवतात, ताजी कल्हई चांदीवानी दिसते. काही लोक तिच्यावर अॅल्युमिनियमचा रंग मारून देतात, बोटानं घासून पाह्य, बोट काळंभोर झालं तं नको घेऊ.

अन् उन्हाचं ध्यान ठेव. बारा ते चार तिथल्या रस्त्यावर पाय ठेववत नाई. दुपट्टा बांध, कांदा जवळ ठेव, पाण्याची बाटली भरून ने. दुपारी तिथं मेट्रोच्या स्टेशनात नाहीतर एखाद्या मंदिरात सावलीत बसून घ्या दोघीजणी. दुकानं तं दुपारीच मोकळी रायतात म्हणून लोक तवाच फिरतात, पण जीव जास्त झाला का काय.

कोरडवाहू ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, जाऊबाईंना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंचा गुंड काल माळ्यावरून काढला, खरंच लय जाड आहे, तराजू भाऊ म्हणतात तसं तो मोडीत जाणार नाही, नवीन गुंड यादीतून काढून टाकला. काका, माठ गावातूनच. मापं घेऊन ठेवली आहेत.

आता दोन गोष्टी राहिल्या. वाणाला काय घ्यावं ते कोणी नीट सांगितलं नाही. शेजारच्या गावात प्लास्टिकच्या डब्या वाटल्या होत्या, बायांनी घरी नेल्या अन् आठ दिवसांत झाकणं तुटली. मला काही महाग द्यायचं नाही पण बाईच्या स्वयंपाकघरात नाहीतर देवघरात राहिलं पाहिजे. अन् दुसरं, हॉलमध्ये मोठा आरसा लावायचा आहे, तो नागपूरवरून एसटीनं आणता येईल का.

तराजू काटा

वाणाचं राहूनच गेलं होतं. ताई, साठ-सत्तर नग म्हणजे सहा डझनच्या हिशोबानं बोला, ७२ नग. इतवारीत ठोकवाले डझनावर देतात अन् डझनाचा भाव सुट्या नगापेक्षा बराच कमी पडते. नगाला चाळीस रुपयांची मर्यादा धरली तर २,८८० रुपये होतात, तुमच्या बजेटात हे बसते. एवढ्यात काय येईल तर स्टीलचा हळदीकुंकवाचा करंडा, नाहीतर छोटी घट्ट झाकणाची स्टीलची डबी, नाहीतर चहासाखरेचा मापाचा चमचा अन् चाळणी अशी जोडी. पितळेचं या किमतीत मिळालं तर ते पातळ पत्र्याचंच राहणार, त्यापेक्षा स्टीलचं बरं. करंडा घ्यायचा तर दोन्ही वाट्यांचं झाकण एकाच खिळीवर फिरते ती खिळी पाहा, तिथंच तुटते.

खोक्यातला वरचा नग पाहून घेऊ नका. सहाही डझन खोकी उघडून दुकानातच झाकणं लावून पाहा, वेळ लागला तर लागू द्या, तुमच्या जाऊबाई आहेत सोबत. झाकण न बसणारे नग तिथंच बदलून मिळतात, बसमध्ये बसल्यावर नाही. अन् तीन-चार नग जास्त घ्या, घरभरणीला न सांगता येणाऱ्या बायाही असतातच, अन् त्यांना रिकाम्या हातानं पाठवलेलं बरं दिसत नाही.

दिवसाचा क्रम असा ठेवा. दहाच्या सुमारास इतवारी, आधी समई अन् स्टील निवडून नाव टाकायला द्या, मग वाण. ऊन चढायच्या आत गांधीबागेत पडदे-चादरी, ती दुकानं आतून थंड राहतात तिथं दुपार निघून जाते. चारनंतर भांडी उचला, अन् अंगात ताकद असेल तर महालात करंडे-पाट पाहा. बर्डीतलं घड्याळ हिंगणघाटातही मिळेल, त्याच्यासाठी उशीर करू नका. सामान जड होईल म्हणून भांडी एकात एक घालून गोणीत बांधून मागा, ती दुकानवाले बांधून देतात, अन् समईचे भाग खोलून चादरींच्या गठ्ठ्यात ठेवा म्हणजे आटे मार खाणार नाहीत.

माहेर उमरेड

आरसा एसटीनं अजिबात नका आणू. तुम्हा दोघींची अर्धी तिकिटं आहेत, महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे, तेवढाच फायदा, पण काच धरून उभं राहायला कंडक्टरही परवानगी देणार नाही आणि गतिरोधकावर ती तुमच्याच अंगावर यायची. समुद्रपूर किंवा हिंगणघाटला काचवाल्याकडे जा, तो घरी येऊन माप घेतो आणि कापून, कडा घासून लावून देतो. पाच मिलिमीटर जाडीची मागा, पातळ आरशात चेहरा लांबट-वाकडा दिसतो. मागच्या बाजूला रंगाचा थर अखंड आहे का बघा, तिथं खरचटलेलं असेल तर ओल शिरून काळे डाग पडतात, आणि नवीन बांधकामाच्या भिंतीत ओल असतेच. म्हणून घरभरणीची घाई नसेल तर आरसा पावसाळा संपल्यावर लावा, तोवर भिंत सुकेल.

आणि महालात आलात तर निरोप टाका, खरेदीत मधेच तासभर सामान ठेवायला आमच्या घरी जागा आहे.

कोरडवाहू ताई

ताई, नक्की निरोप टाकते. आरसा दिवाळीवर ढकलला. नणंदेसाठी कांस्याचं ताट ठरलं, मागं तिचं नाव टाकून घेणार. बुधवारी निघतो आहो.